टिळकवाडीच्या माडीवर एक थेंब शाई

कोल्हापूरहून निपाणी, संकेश्वर करत बेळगावला पोचेपर्यंत खिशातल्या इबोनाइटच्या, म्हणजे कडक रबराच्या, पेनाने टोपणात शाई ओकली होती. टिळकवाडीतल्या एका घराच्या माडीवर शाईपेनवाल्यांचा मेळा भरला होता. मराठी, कानडी सगळेच. सतरंजीवर टिपकागद, दौती, पाण्याची भांडी. माझं टोपण उघडताच शेजारच्या काकांनी निब बघितलीच नाही, पेन हलवून म्हणाले, "पेन बरं हाय ओ. पोट अर्धं रिकामं हाय, म्हणून ओकलं."

त्यांनी कागदावर गणित मांडलं. ड्रॉपरने भरायच्या पेनात अख्खी नळी म्हणजे टाकी. 3 मिलीच्या नळीत दीड मिली शाई उरली, तर वर दीड मिली हवा. ती 24 अंशांवरून हाताच्या उबेने 34 वर गेली, की सुमारे 3.4 टक्के फुगते. म्हणजे 0.05 मिली, ड्रॉपरचा एक थेंब! त्यात बेळगाव कोल्हापूरपेक्षा दोनशेक मीटर उंच. चढताना हवेचा दाब दोनेक टक्के उतरतो, हवा आणखी फुगते आणि शाईला निबेकडे ढकलते. निब घासून हे थांबत नाही. एकतृतीयांश शाई उरली की भरायचं, प्रवासाला निघताना काठोकाठ भरायचं आणि निब वर ठेवायची. आट्यांतून पाझरत असेल तर सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात. जाड थर दिला तर ग्रीस शाईत उतरतं.

बाकी पेनं पंख्याखाली हातोहात फिरत होती. दुसऱ्याची निब जोर लावून फाकवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, तिथेही दोघे निघाले.

एका मुलीची निब मात्र अक्षर सुरू करताना कोरडी जायची, पुढे छान चालायची. शिरोरेघेच्या सुरुवातीला दरवेळी खाडा. 10 पट भिंगातून दिसलं: टोकाची चीर कागदाकडच्या बाजूला आत वळलेली, दोन्ही कडा गोल, त्यामुळे शाई कागदाला टेकतच नव्हती. काकांनी आधी दोन्ही टाइन, म्हणजे चिरेच्या दोन बाजूंची पाती, समपातळीत आहेत का ते पाहिलं, मग 12000 च्या मायक्रोमेशवर, म्हणजे अगदी बारीक घासकापडावर, पाण्याचा थेंब टाकून इंग्रजी आठचे पाचच फेरे, बिनजोराचे. लिहून पाहिलं, परत पाच. "घासलेलं परत येत न्हाई," एवढंच बोलले. तिसऱ्या खेपेला तिने "बेळगाव" लिहिलं, शिरोरेघ सलग उमटली आणि तिने तोच शब्द पानभर लिहिला.

निघताना त्यांनीच माझी नळी धुऊन दिली. गार पाण्याने, कारण गरम पाण्याने इबोनाइट तपकिरी पडतं. मग काठोकाठ भरली. निपाणीला टोपण उघडलं तर आत कोरडं. पण उताराला दाब वाढतो, त्यामुळे खरी परीक्षा पुढच्या चढाला.