टोपणाचे तीन आटे

आमच्या कुपवाडच्या शेडमध्ये आठवडाभर पंपांचे शाफ्ट आणि बुश कातायचे आणि सुट्टीच्या दिवशी त्याच लेथवर शाईची पेनं, असं सहा वर्षं चाललंय. मागच्या श्रावणात एका सुट्टीला पाचजण आले. शिकायला म्हणण्यापेक्षा एकमेकांचं काम बघायला. मिरजेत तंबोरे करणाऱ्या घरातला एक तरुण, तासगावकडचे एक द्राक्षबागायतदार, विश्रामबागेत इंजिनिअरिंग शिकणारी एक मुलगी आणि तिचा भाऊ, आणि अप्पा. अप्पांनी किर्लोस्करवाडीला टूलरूममध्ये 34 वर्षं काढलेली. आता हात थोडा कापतो, त्यामुळे मी मशिनला हात लावणार नाही, नुसता बघणार, असं त्यांनी आल्या आल्या सांगून टाकलं.

सुरुवात एबोनाइटनं केली. रबरात भरपूर गंधक घालून तासन्‌तास तापवलं की ते लाकडासारखं कडक होतं, तेच हे. राजमहेंद्रीचे रत्नम पेनवाले 1930 च्या दशकापासून हातानं पेनं करत आलेत, तीही याचीच. 16 मिलिमीटरचा दांडा चकात, म्हणजे लेथच्या फिरत्या पकडीत, धरून टूल लावलं तशी काळी रिबन सुटायला लागली आणि शेडभर वास पसरला. तासगावचे दादा एकदम म्हणाले, “हे तर आमच्या बागेत भुरी रोगावर गंधक मारल्यासारखं झालं की!” त्या वासानं त्यांचं बुजलेपण गेलं. एवढा वेळ ते दाराजवळच उभे होते.

भोक पाडताना मात्र सगळ्यांना जवळ बोलावलं. एबोनाइट उष्णता वाहून नेत नाही. ड्रिल घाईनं आत दाबलं की भोकाच्या कडा तापून फुगतात आणि ड्रिल आतच धरलं जातं. म्हणून चार-पाच मिलि आत जायचं, बाहेर काढायचं, कीस झाडायचा, पुन्हा आत. पुढं निब धरणाऱ्या भागाचे आटे 9 बाय 0.75 चे असतात, म्हणजे 9 मिलि व्यासाचे आणि दर वेढ्याला 0.75 मिलि पुढं जाणारे, त्यासाठी 8.25 चं भोक लागतं. ते गरम असताना मोजलं तर माप फसवतं. मी दांडा चकातच ठेवून चहा मागवला. चहा पिऊन होईस्तोवर माप खरं झालं.

दादांनी पिशवीतून द्राक्षवेलीचं खोड काढलं. वडिलांनी लावलेली बाग दोन वर्षांपूर्वी काढावी लागली, त्यातलं एक खोड त्यांनी सावलीत वाळवून ठेवलं होतं. सालीखाली भेगाच भेगा. तंबोरेवाल्या पोरानं ते हातात घेऊन नखानं टिचकी मारली, कानाशी नेलं आणि म्हणाला, “आतून पोकळ नाही, पण इथं एक जागा बोलत नाही.” आम्ही तिथंच करवत लावली. किड्यानं पोखरलेली नळी निघाली. माझ्या लक्षातही आलं नसतं. ती बाजू कापून उरलेल्या तुकड्याच्या भेगांत पातळ फेविक्विक सोडलं. ते भेगेत आपोआप ओढलं जातं, फक्त डोळ्यांना झोंबतं म्हणून पंखा पाठीमागून लावायचा. असल्या लाकडात आटे टिकत नाहीत आणि शाईनं ते भिजतंही, म्हणून आतून एबोनाइटची नळी बसवायची आणि आटे त्या नळीला पाडायचे, हे दादांना समजावलं. वेलीचं लाकूड वर, पेन आतलं, असं त्यांनी लगेच आपल्या शब्दांत मांडलं.

मग मुलीनं मला जो प्रश्न टाळायचा होता तोच विचारला. “काका, टोपणाचे आटे तुम्ही कसे पाडता?”

पेन चकचकीत करणं सोपं आहे. पाण्यात भिजवून 1500 पासून 12000 पर्यंतचे पेपर एकामागून एक मारले की कुणाचंही पेन चमकतं. पाणी लावायचं कारण एबोनाइटची धूळ फुप्फुसात जाऊ नये. पण पेन चांगलं की नाही हे टोपण लावताना कळतं. साधा 0.8 चा एकेरी आटा पाडला तर चार मिलिमीटरची पकड सोडवायला पाच वेढे फिरवावे लागतात. एक ओळ लिहायला पाच वेढे कोण देईल? सरळ 2.4 चा जाड आटा घ्यावा, तर तो जवळजवळ दीड मिलि खोल जातो आणि पेनाची भिंतच उरत नाही. म्हणून वेढ्याला 2.4 च पुढं जाणारे, पण 0.8 च्या अंतरानं तीन बारीक आटे एकमेकांच्या मधून पाडतात. खोली अर्धा मिलि राहते आणि दीड-पावणेदोन वेढ्यांत टोपण हातात येतं. त्याचे तयार टॅप आणि डाय मिळतात, पण किंमत हजारोंत. मी ते लेथवरच, एकेक करून पाडतो.

आणि माझे जमत नव्हते. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. माझी पेनं लोक विकत घेतात, पण प्रत्येक टोपण एकाच ठिकाणी धरून लावावं लागे. बाकी दोन आट्यांत घातलं की अडकायचं. गिऱ्हाईक समजायचं, पेन असंच असतं. मी दोन मिनिटं उत्तर घोळवलं आणि मग कपाटातून पत्र्याचा डबा काढून बाकावर रिकामा केला. त्यात वाया गेलेली टोपणं होती, अकरा.

माझी रीत अशी. कंपाउंड स्लाइड, म्हणजे टूल धरून स्क्रूवर सरकणारा भाग, दांड्याच्या रेषेत लावायची, पहिला आटा झाला की स्लाइड 0.8 पुढं घ्यायची, दुसरा, मग आणखी 0.8, तिसरा. अप्पांनी एक टोपण उचललं, डोळ्याजवळ नेलं, करंगळी आत फिरवली. तेव्हा मात्र त्यांचा हात कापत नव्हता. “स्लाइडचा स्क्रू मध्यात झिजलाय तुझा. डायल 0.8 सांगती, पण पुढं जातं 0.7.” प्ले, म्हणजे स्क्रूतली ढिलाई, एकाच बाजूला काढून घेतो, असं मी म्हणालो. “प्ले काढशील. झिजलेलं कुठनं भरून काढशील?”

ते उठले, डावीकडचं गिअरचं झाकण काढायला लावलं आणि स्पिंडलवरच्या, म्हणजे चक फिरवणाऱ्या दांड्यावरच्या, गिअरचे दात मोजायला मुलीला बसवलं. 45. “तीननं भाग जातोय. मग स्लाइडला हात कशाला लावायचा?” खडू मागितला. दर पंधराव्या दाताला खूण केली, आणि समोरच्या गिअरच्या ज्या खाचेत पहिला दात बसलेला होता तिथंही. लेथ वेढ्याला 2.4 पुढं जाईल असा लावायचा, पहिला आटा पूर्ण पाडायचा, हाफनट, म्हणजे टूलला लेथच्या लांब स्क्रूशी जोडणारा नट, उघडायचा नाही. मग गिअर सोडवून स्पिंडल हातानं फिरवायचा, दुसरी खूण त्या खाचेसमोर आणायची, गिअर परत जुळवायचा. स्पिंडल बरोबर एक तृतीयांश फिरला. गिअरचे दात कारखान्यात कापलेले, ते चुकत नाहीत.

बाहेरचे आटे मी पाडले. टोपणाच्या आतले पाडताना 12 मिलिच्या भोकात टूल दिसतच नाही, आवाजावरून ओळखावं लागतं. तिथं अप्पा शेजारी उभे राहून “थांब”, “आता घे” एवढंच म्हणत होते. मोटर बंद, चक हातानंच फिरवायचा. दुपारचे साडेतीन वाजले. मुलीच्या भावानं भाकरी-पिठल्याचा डबा उघडून ठेवला होता, कुणी बघितलंही नाही.

टोपण पहिल्या आट्यात बसलं. काढलं, एक तृतीयांश फिरवून दुसऱ्यात घातलं, बसलं. तिसऱ्यात घालताना मी ते मुलीच्या हातात दिलं. तिनं डोळे मिटून फिरवलं. खटकन्‌ नाही, लोण्यातून सुरी गेल्यासारखं आत गेलं आणि खांद्याला येऊन थांबलं. अप्पांनी ते तिच्याकडून घेतलं आणि सात-आठ वेळा लावलं, काढलं. बोलले काहीच नाहीत.

दादांचं वेलीचं पेन त्या दिवशी झालं नाही. फेविक्विक पुरतं वाळायला एक रात्र द्यावी लागते. कापडात गुंडाळून ते माझ्याचकडे ठेवून गेले आणि शाई काळीच भरा, असं जिन्यावरून ओरडून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावरचा पोरगा नेहमीसारखा रॉकेलचं फडकं घेऊन गिअर पुसायला आला. त्याला थांबवलं आणि सेंटर पंच घेऊन, दातांशेजारी, तिन्ही खुणा पक्क्या मारून घेतल्या.