तुम्ही विचारलंत म्हणून: हो, आतला माणूस मलाही दिसतो

रबराचा सूट घातलेला माणूस खेळण्यातलं शहर तुडवतोय हे सरळ दिसत असताना तुम्ही ते जुने जपानी गॉडझिलाचे सिनेमे परत परत का बघता, हे मला घरीदारी सगळेच विचारतात. दरवेळी मी काहीतरी अर्धवट बोलते आणि विषय बदलतो, म्हणून आज नीट लिहिते. मला ते सगळं दिसतं, आणि दिसतं म्हणूनच मी बघते.

मागच्या दिवाळीत माझा सात वर्षांचा भाचा राहायला आला होता, त्याला मी १९६४ चा मॉथ्रा नावाचा राक्षसी पतंग आणि गॉडझिला यांच्या मारामारीचा सिनेमा लावून दिला. त्यात नागोया शहरात गॉडझिलाची शेपटी टीव्ही टॉवरमध्ये अडकते, तो हिसका देतो आणि टॉवर आडवा होतो, मग पुढे तोल जाऊन स्वारी थेट नागोयाच्या किल्ल्यावर जाऊन धडपडते. भाचा पोट धरून हसला. आणि हसता हसता एकदम थांबून म्हणाला, "मावशी, आत माणूस आहे ना गं? त्याला उकडत नसेल?"

माझं सगळं उत्तर या प्रश्नात आहे बघा.

उकडायचंच त्याला, भयंकर उकडायचं. त्याचं नाव हारुओ नाकाजिमा. १९५४ च्या पहिल्या सिनेमासाठी बनवलेला सूट जवळजवळ शंभर किलोचा होता, आत हवा नाही, धड दिसत नाही, काही मिनिटांच्या वर त्यात थांबणं मुश्कील. त्यात राक्षस अवाढव्य वाटावा म्हणून कॅमेरा जास्त स्पीडने चालवायचे, म्हणजे पडद्यावर हालचाल संथ आणि जड दिसते. पण कॅमेरा जोरात पळवला की प्रकाशही तेवढा जास्त लागतो, म्हणजे आणखी तापलेले दिवे, आणि त्या दिव्यांखाली हा माणूस शंभर किलो अंगावर घेऊन चालतोय. आणि चालायचं कसं हे शिकायला तो टोकियोच्या उएनो प्राणीसंग्रहालयात जाऊन हत्ती आणि अस्वलं कशी पाय टाकतात ते बघत बसायचा. १९७२ पर्यंत बारा सिनेमांत गॉडझिलाच्या आत तोच होता! आता सांगा, गॉडझिला जेव्हा पाऊल उचलून क्षणभर थांबतो आणि मग टाकतो, तेव्हा ते मला खोटं कसं वाटेल? त्या पावलात खरं वजन आहे, ते कुणीतरी खरोखर उचललंय.

खरं तर स्पेशल इफेक्ट्सवाले एइजी त्सुबुराया किंग काँग या अमेरिकन सिनेमाचे भक्त होते, त्यांना तसंच करायचं होतं, बाहुली इंचाइंचाने हलवून एकेक फ्रेम टिपायची. तेवढा वेळ नव्हता, म्हणून माणसाला सूटमध्ये घातलं. पण मला वाटतं जपानच्या प्रेक्षकाला यात खटकण्यासारखं काही नसावं, कारण त्यांच्या बुनराकू नावाच्या बाहुल्यांच्या नाटकात एकेक बाहुली तीन तीन माणसं सगळ्यांसमोर उभं राहून नाचवतात, मुख्य कलाकाराचा तर बऱ्याचदा चेहराही उघडा असतो, आणि तरी लोक रडतात ते बाहुलीसाठी. हलवणारा दिसला म्हणून गोष्ट मोडत नाही. माझ्या भाच्यालाही आत माणूस आहे हे पक्कं माहीत होतं, तरी पावलांचा धप्प धप्प आवाज सुरू झाला की उशी तोंडापर्यंत यायचीच.

आवाजावरून आठवलं, ती डरकाळी कुठल्याही जनावराची नाहीये. संगीतकार आकिरा इफुकुबे यांनी डबल बासच्या तारा सैल केल्या, त्यावर राळ लावलेला चामड्याचा हातमोजा ओढून आवाज काढला आणि टेप हळू चालवली. हे कळल्यावर मी तो सीन मागे नेऊन तीनदा ऐकला, आणि आता मला त्या डरकाळीत दर वेळी चामडं तारेवर घासल्यासारखं ऐकू येतं, पण अंगावर काटा यायचा तो येतोच.

आणि एक सांगायलाच हवं. पहिला सिनेमा हसण्यासारखा नाहीये. १ मार्च १९५४ ला बिकिनी बेटांवर अमेरिकेने हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली, त्याची राख एका जपानी मासेमारी बोटीवरच्या खलाशांवर पडली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये हा सिनेमा आला, ज्याची सुरुवातच समुद्रात उजेड फुटून बोट जळण्याने होते. दिग्दर्शक इशिरो होंडा सैनिक होते, युद्धावरून परतताना त्यांनी हिरोशिमा पाहिलं होतं. सिनेमात जळत्या टोकियोत एक बाई मुलांना पोटाशी धरून बसलीये आणि त्यांना सांगतेय की आता आपण बाबांकडे जाणार. तिथे राक्षस रबराचा आहे का कशाचा, हे डोक्यातही येत नाही.

मग हाच गॉडझिला पुढच्या वर्षांत हळूहळू पोरांचा लाडका झाला, आणि लोक म्हणतात तिथे सगळं बिघडलं. मला नाही पटत. १९६५ च्या सिनेमात तीन डोक्यांच्या गिदोराला पळवून लावल्यावर तो परक्या ग्रहावर टुणटुण उड्या मारत नाचतो, ती पोझ तेव्हाच्या एका गाजलेल्या विनोदी मांगातली, म्हणजे जपानी चित्रकथेतली. १९७१ मध्ये तर तो प्रदूषणातून जन्मलेल्या हेडोराशी लढतो, आणि शेपटी पोटाशी घेऊन तोंडातून किरण सोडत उलटा उडतो, खरंच उडतो! तोच सिनेमा विषारी धुराने मेलेली माणसंही दाखवतो. हे दोन्ही एकाच सिनेमात ठेवायची हिंमत मला फार आवडते.

बघायचं असेल तर १९५४ चा आधी बघा, आणि जपानी भाषेतलाच, सबटायटल लावून. १९५६ मध्ये अमेरिकेत एक अमेरिकन पत्रकार मध्येच घुसडून वेगळा कापलेला आला होता, तो नको. हा एकट्याने बघा, रात्री. मग १९६५ चा लावा, तो मात्र घरात एखादं पोर असताना, आणि सोफ्यावर उड्या मारू नको म्हणून ओरडू नका त्याला.