आधी विडंबन, मग मूळ

२००३ च्या ऑगस्टमध्ये मी सांगलीहून ओहायो राज्यात एम.एस. करण्यासाठी आलो, तेव्हा आपल्याला इंग्रजी चांगले समजते अशी माझी समजूत होती, आणि वर्गात ती खरीही ठरली. अडचण आली ती घरी. आम्ही चौघांनी मिळून भाड्याने घेतलेल्या घरात रात्री उशिरा कार्टून नेटवर्कवर ‘फ्युचुरामा’ नावाच्या ॲनिमेशन मालिकेचे जुने भाग लागत असत. माझा अमेरिकन रूममेट पोट धरून हसत असे आणि मी शेजारी गप्प बसून राहत असे. प्रत्येक शब्द कानावर नीट पडत होता, वाक्याचा अर्थही लागत होता, पण त्यात हसण्यासारखे काय आहे ते उमगत नव्हते. परक्या देशात आपण परके आहोत ही जाणीव मला विमानतळावर किंवा बँकेत जितकी झाली नाही, तितकी त्या सोफ्यावर झाली.

मालिकेची थोडी ओळख करून देतो, कारण आपल्याकडे ती फारशी पाहिली गेलेली नाही. मॅट ग्रेनिंग यांनी ती निर्माण केली, डेव्हिड एक्स. कोहेन यांनी त्यांच्यासोबत तिला आकार दिला, आणि २८ मार्च १९९९ रोजी तिचा पहिला भाग फॉक्स वाहिनीवर दाखवला गेला. न्यूयॉर्कमध्ये पिझ्झा पोहोचवणारा फ्राय नावाचा तरुण १९९९ च्या शेवटच्या रात्री चुकून एका शीतकक्षात पडून गोठतो आणि थेट २९९९ च्या शेवटच्या दिवशी जागा होतो. जुन्या न्यूयॉर्कच्या अवशेषांवर उभ्या राहिलेल्या ‘न्यू न्यूयॉर्क’मध्ये त्याला लीला ही एका डोळ्याची अंतराळयानाची कप्तान भेटते, बेंडर हा यंत्रमानव भेटतो, आणि त्याचाच दूरच्या पिढीतला पुतण्या लागणारा एक वृद्ध प्राध्यापक त्याला आपल्या माल पोहोचवण्याच्या कंपनीत नोकरी देतो. म्हणजे हजार वर्षांनंतरही फ्राय सामान पोहोचवण्याचेच काम करतो. भोवतालचे सगळे जग ज्या गोष्टी गृहीत धरून बोलते त्यांतली एकही त्याला ठाऊक नसते, आणि तो ज्यांविषयी बोलतो त्या गोष्टी तिथे कोणाला ठाऊक नसतात. त्या घरातल्या माझ्या पहिल्या हिवाळ्यात हा मुलगा मला फार जवळचा वाटू लागला.

विडंबन हा प्रकार आपल्याला नवा नाही. शाळेत आपण आधी केशवसुतांची ‘आम्ही कोण?’ शिकतो आणि मग कधीतरी आचार्य अत्रे यांनी केशवकुमार या नावाने केलेले तिचे विडंबन वाचतो. मूळ कवितेची चाल कानात पक्की बसलेली असते, म्हणूनच विडंबनातला प्रत्येक धक्का नेमका जागेवर लागतो. इथे माझ्या बाबतीत हा क्रमच उलटा झाला. शीतपेयाच्या कारखान्यातल्या नदीतून होडीने सहल घडवणारा भाग मी आधी पाहिला आणि ‘चार्ली अँड द चॉकलेट फॅक्टरी’ ही चॉकलेटच्या कारखान्याची प्रसिद्ध गोष्ट नंतर वाचली. मालिकेतली पात्रे टीव्हीवर ‘द स्केअरी डोअर’ नावाचा भीतिदायक कार्यक्रम पाहतात. तो १९५९ साली सुरू झालेल्या ‘द ट्वायलाइट झोन’चे विडंबन आहे हे मला विद्यापीठाच्या ग्रंथालयातून त्या मूळ मालिकेच्या डिस्क आणल्यावर कळले. मूळ पाहताना एक विलक्षण अनुभव येत असे. मी ते प्रथमच पाहत असे, तरी त्याचा चेहरामोहरा ओळखीचा वाटत असे, जसे एखाद्या माणसाची नक्कल अनेकदा पाहिल्यानंतर तो माणूस पहिल्यांदाच समोर यावा. अपवाद एकच होता. अंतराळातल्या ‘टायटॅनिक’ नावाच्या जहाजाचा भाग लागला तेव्हा मला कोणाच्याही मदतीची गरज पडली नाही.

काही संदर्भ असे होते की त्यांच्यासाठी चित्रपट पाहून भागत नसे, तर या देशाचा इतिहास वाचावा लागे. तिसाव्या शतकात जुन्या काळातल्या नामवंतांची मस्तके काचेच्या बरण्यांत जिवंत ठेवलेली असतात, आणि १९९९ च्या एका भागात रिचर्ड निक्सन यांचे मस्तक पृथ्वीच्या अध्यक्षपदाची निवडणूक लढवते. निक्सन आपला दुष्ट बेत बोलून दाखवतात आणि बेंडर ते बोलणे टेप करून ठेवतो. एवढ्यावर माझा रूममेट खोकला येईपर्यंत हसला. खऱ्या निक्सन यांना १९७४ मध्ये अध्यक्षपद सोडावे लागले ते स्वतःच्याच कार्यालयात ध्वनिमुद्रित झालेल्या टेपमुळे, हे त्याने मला समजावून सांगितले, आणि मग त्या वॉटरगेट प्रकरणावरचे एक जाडजूड पुस्तक मी त्या सुट्टीत वाचून काढले.

मला या मालिकेविषयी सर्वांत अधिक आदर वाटतो तो तिच्या थट्टेमागच्या प्रेमामुळे. झॅप ब्रॅनिगन हा बढाईखोर कप्तान ‘स्टार ट्रेक’ या जुन्या अंतराळ मालिकेतल्या कप्तान कर्कची उघड नक्कल आहे. तरीही याच मालिकेने २००२ मध्ये ‘स्टार ट्रेक’ला एक संपूर्ण भाग वाहिला, त्यात विल्यम शॅटनर, लेनर्ड निमॉय, निशेल निकल्स, जॉर्ज टाकेई आणि वॉल्टर कोनिग या मूळ नटांनी स्वतः म्हणूनच आवाज दिला. ‘स्टार ट्रेक’चा पुढे धर्म झाला आणि त्या धर्मावर बंदी आली, अशी त्या भागातली कल्पना आहे. ज्याने मूळ कलाकृतीवर जीव लावलेला नाही त्याच्या हातून इतके बारकाईचे काम होणार नाही. उत्तम विडंबनकार हा आधी उत्तम वाचक किंवा प्रेक्षक असतो, असे माझे स्पष्ट मत आहे. नुसत्या तुच्छतेतून केलेली नक्कल दोन मिनिटांत शिळी होते.

एका रात्री मात्र पारडे फिरले. झॅपच्या ‘निंबस’ नावाच्या जहाजाच्या बाजूवर लिहिलेला क्रमांक पडद्यावर क्षणभर दिसला आणि मी ओरडलोच. तो क्रमांक होता १७२९. घरातल्या दोघा अमेरिकन मुलांनी माझ्याकडे आश्चर्याने पाहिले, आणि आजवर ऐकून घेणारा मी पहिल्यांदाच सांगणारा झालो. श्रीनिवास रामानुजन इंग्लंडमध्ये आजारी असताना गणिताचे प्राध्यापक हार्डी त्यांना भेटायला टॅक्सीने गेले, आणि आपल्या टॅक्सीचा १७२९ हा क्रमांक अगदीच नीरस होता असे सहज म्हणाले. रामानुजन यांनी लगेच उत्तर दिले की हा क्रमांक मुळीच नीरस नाही, कारण दोन धन पूर्णांकांच्या घनांची बेरीज म्हणून दोन वेगवेगळ्या प्रकारे लिहिता येणारी ती सर्वांत लहान संख्या आहे. १ चा घन आणि १२ चा घन मिळवले तरी १७२९, आणि ९ चा घन व १० चा घन मिळवले तरी १७२९. सांगलीत आमच्या गणिताच्या सरांनी ही गोष्ट फळ्यावर लिहून सांगितली होती. ती मी त्या रात्री पिझ्झाच्या खोक्यावर पेनाने लिहून सांगितली.

त्यानंतर आम्ही या मालिकेतले आकडे शोधू लागलो. बेंडर आणि त्याच्यासारखाच दिसणारा फ्लेक्सो हे दोन यंत्रमानव एकमेकांना आपापले क्रमांक सांगतात आणि दोन्ही क्रमांक दोन घनांची बेरीज आहेत म्हणून खूश होतात. बेंडरचा क्रमांक २७१६०५७ आणि फ्लेक्सोचा ३३७०३१८. दुसरा सोपा आहे, कारण ११९ च्या घनाची दुप्पट केली की तो मिळतो. पहिल्यासाठी आम्ही बराच वेळ घालवला, कारण त्यात एक संख्या ऋण घ्यावी लागते: ९५२ चा घन आणि उणे ९५१ चा घन. सर्वसामान्य प्रेक्षकाला हे क्रमांक म्हणजे निव्वळ बडबड वाटावी, आणि तरी लेखकांनी ते बरोबर बसवले, याचे मला आजही अपार कौतुक वाटते. त्याचे कारण पुढे समजले. कोहेन हे भौतिकशास्त्र आणि संगणकशास्त्र शिकलेले आहेत आणि लेखकांपैकी केन कीलर यांनी हार्वर्डमधून उपयोजित गणितात डॉक्टरेट मिळवलेली आहे. २०१० च्या एका भागात पात्रांची मने आणि शरीरे यांची अदलाबदल होते आणि तीच दोन शरीरे पुन्हा एकमेकांशी बदलता येत नाहीत. अशा वेळी कितीही गुंता झाला असला तरी दोन नवी माणसे मदतीला घेतली की सगळे पूर्ववत करता येते, हे कीलर यांनी रीतसर सिद्ध केले आणि ती सिद्धता फळ्यावर लिहिलेली दाखवली. एका विनोदी गोष्टीचा शेवट करता यावा म्हणून त्यांनी हे प्रमेय मांडले.

१९९९ च्या आणखी एका भागाचे शीर्षक ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’ या चित्रपटाच्या नावात ‘मुठी’ऐवजी ‘मासळी’ घालून केलेले आहे. फ्रायच्या बँकेतल्या ९३ सेंटवर हजार वर्षे सव्वादोन टक्के दराने चक्रवाढ व्याज साचते आणि रक्कम सुमारे ४३० कोटी डॉलर होते. मी हा हिशेब कॅल्क्युलेटरवर करून पाहिला, तो बरोबर आहे. पण मला त्या भागात खिळवून ठेवले ते त्यानंतर जे घडते त्याने. फ्राय त्या पैशांतून विसाव्या शतकातल्या वस्तू विकत घेतो, जुन्या पद्धतीचे घर सजवतो आणि जुन्या टीव्हीसमोर बसून राहतो. कधीच नामशेष झालेल्या अँचोव्ही माशांच्या शेवटच्या डब्यासाठी लिलावात ५ कोटी डॉलर मोजतो, आणि बहुतेक मित्रांना ती चव अजिबात आवडत नाही. मी तेव्हा घरून आणलेल्या मेतकुटाचा डबा पुरवून पुरवून वापरत होतो. तो भाग मी रूममेटसोबत पुन्हा पाहिला नाही, एकट्यानेच पाहिला.

‘ज्युरॅसिक बार्क’ या २००२ च्या भागाविषयी थोडेच लिहितो. शीर्षकात नेहमीसारखी शाब्दिक कोटी आहे, पण गोष्ट फ्रायच्या कुत्र्याची आहे, जो मालक परत येईल म्हणून पिझ्झाच्या दुकानाबाहेर १२ वर्षे वाट पाहतो. शेवटच्या दृश्यात एकही विनोद नाही. माझी आजी त्या वर्षी फोनवर दर वेळी एकच प्रश्न विचारत असे, तू येणार कधी?

नोकरीनिमित्त मी न्यूजर्सीत राहायला आलो त्याला आता बरीच वर्षे झाली. न्यूयॉर्क शहरातल्या फ्लशिंगच्या गणपतीच्या देवळात आम्ही वर्षातून एकदोनदा जातो, आणि तिथून जवळच फ्लशिंग मेडोज हे विस्तीर्ण उद्यान आहे. १९३९ चे जागतिक प्रदर्शन याच जागी भरले होते आणि ‘उद्याचे जग’ हे त्याचे सूत्र होते. त्यात जनरल मोटर्सच्या दालनात नॉर्मन बेल गेडिस यांनी १९६० सालच्या अमेरिकेची एक अवाढव्य प्रतिकृती उभारली होती आणि प्रेक्षक सरकत्या खुर्च्यांत बसून तिच्यावरून फिरत असत. त्या देखाव्याचे नाव ‘फ्युचुरामा’. पहिल्या भागात फ्राय जागा होतो तेव्हा प्रयोगशाळेतला कर्मचारी नाटकी आवाजात त्याचे उद्याच्या जगात स्वागत करतो, तो याच सूत्राचा प्रतिध्वनी आहे. मालिकेच्या नावातच संदर्भ दडलेला होता आणि तो मला तिथल्या हिरवळीवर उभे राहून समजला.

आणि आता लीला. हे नाव ऐकताना मला सुरुवातीपासून घरचे वाटत होते, पण योगायोग समजून मी ते सोडून दिले होते. तिचे पूर्ण नाव तुरंगा लीला आहे, आणि ते ऑलिव्हिए मेसियाँ या फ्रेंच संगीतकाराच्या ‘तुरंगलीला’ या सिंफनीवरून घेतलेले आहे. १९४६ ते १९४८ या काळात रचलेली ती सिंफनी १९४९ मध्ये बॉस्टनला पहिल्यांदा वाजवली गेली. मेसियाँ यांनी तुरंग आणि लीला हे दोन्ही शब्द संस्कृतातून घेतले. घोड्यासारखा धावणारा काळ आणि खेळ, असा अर्थ त्यांच्या मनात होता. भारतीय तालांचा अभ्यास त्यांनी शार्ङ्गदेवाच्या ‘संगीत रत्नाकर’ या ग्रंथात दिलेल्या देशी तालांवरून केला होता, आणि त्या तालांत तुरंगलील नावाचा एक ताल आहे. शार्ङ्गदेव हा तेराव्या शतकात देवगिरीला, सिंघण यादवाच्या पदरी होता.

देवगिरी म्हणजे आपले दौलताबाद. शाळेच्या सहलीत मी त्या किल्ल्याच्या अंधाऱ्या भुयारातून मित्राचा हात धरून वर गेलो होतो.

हे समजले त्या रविवारी मी बाबांना फोन केला. ते तबल्याचे जुने विद्यार्थी आहेत. शार्ङ्गदेवाचे नाव घेतल्याबरोबर त्यांचा आवाज बदलला, आणि गजलील, हंसलील, सिंहलील, तुरंगलील अशी नावे त्यांनी मला एका दमात म्हणून दाखवली. मग थोडे थांबून त्यांनी विचारले, “अरे, पण ही तुझी तुरंगा लीला कोण?” सांगलीत रात्रीचे साडेनऊ वाजले होते आणि त्यांची झोपायची वेळ व्हायला अजून अवकाश होता. मी खुर्ची ओढून बसलो आणि पिझ्झा पोहोचवणाऱ्या मुलापासून गोष्ट सांगायला सुरुवात केली.