न्यू ऑर्लीन्सहून एका दिवसात दलदल आणि ऊसमळे: आखणीत काय चुकतं

अमेरिकेतल्या न्यू ऑर्लीन्समध्ये ‘स्वॅम्प आणि प्लांटेशन’, म्हणजे दलदल आणि जुना मळा, ही जोडसहल जागोजागी विकली जाते. अर्धा दिवस बोटीतून ॲलिगेटर (मगरीचे भाऊबंद) बघायचे, अर्धा दिवस जुना वाडा. लोक या दोन वेगळ्या करमणुकी धरतात, पण जमीन एकच आहे. मिसिसिपी नदीच्या पुरांनी गाळ टाकून काठ उंच केले, मागचा भाग खोलगट राहिला. फ्रेंच अमलात नदीपासून मागच्या दलदलीपर्यंत लांब, चिंचोळ्या पट्ट्यांत जमिनी वाटल्या गेल्या. पुढे वाडा, मध्ये पीक, शेवटी सायप्रस झाडांचं रान. बांधकामाचं लाकूड आणि काहिलींखालचं जळण त्या रानातून यायचं, आणि ते तोडायला गुलाम. पळालेले गुलाम लपायचेही दलदलीतच. त्यांचा एक पुढारी सान मालो याला १७८४ मध्ये फाशी दिली गेली. एवढं ठाऊक असलं की दोन्हीकडच्या गाइडना विचारायला चांगले प्रश्न सुचतात.

आखणीत पहिली चूक होते ती दिशेची. प्रसिद्ध प्लांटेशन शहराच्या पश्चिमेला, रिव्हर रोडवर, साधारण तासाभराच्या अंतरावर आहेत. हनी आयलंड स्वॅम्प मात्र ईशान्येला, स्लायडेलजवळ. या दोघांची जोडी लावली की दिवसातले तीन-चार तास गाडीतच जातात. पश्चिमेकडे लाप्लास-मँचॅकच्या बाजूची बोट घ्या, ती वाटेवरच पडते. दक्षिणेला मरेरो-बराटारिया भागातली दलदलही चालेल. बुक करताना ‘बोट नेमकी कुठून सुटते?’ हा प्रश्न विचाराच. ‘शहरापासून जवळ’ हे उत्तर नव्हे.

दुसरी चूक म्हणजे एका दिवसात दोन प्लांटेशन आणि वर दलदल. एकच निवडा. व्हिटनी १७५२ पासूनचा मळा, आधी नीळ आणि मग ऊस. २०१४ मध्ये संग्रहालय म्हणून उघडलेली ही जागा मालकाच्या नव्हे, गुलामांच्या बाजूने इतिहास सांगते. नावं कोरलेल्या भिंती आणि लोखंडी काहिली पाहायला दीड-दोन तास लागतात. मंगळवारी बंद असते. ओक ॲलीत दोन रांगांत २८ ओकची कमान आहे, फोटो तिथलेच सगळ्यांनी पाहिलेले असतात. पण गुलामांच्या खोपटांकडचं प्रदर्शन चुकवू नका. तिथल्या अँत्वान नावाच्या गुलाम माळ्याने १८४०च्या दशकात पिकान या अक्रोडासारख्या फळाच्या झाडाची यशस्वी कलमं बांधली होती. लॉरा हे तिसरं प्लांटेशन क्रिओल, म्हणजे तिथेच रुजलेल्या फ्रेंच वळणाच्या, घराण्याचं. कुटुंबकथा ऐकायची असेल तर तेच. आमचं मत विचाराल तर व्हिटनी, आणि ऑडिओपेक्षा गाइडसोबत फिरणं. काही स्वस्त पॅकेजमध्ये फक्त ने-आण असते. प्रवेशशुल्क आणि तिथला गाइड त्यात धरलाय का, हे लेखी घ्या.

आधी काय, हे ऋतूवर ठरवा. ॲलिगेटर थंड रक्ताचे. पारा १३ अंशांच्या खाली असला की ते हलत नाहीत, डिसेंबर-जानेवारीत तर फारसे दिसतही नाहीत. म्हणून थंडीत आणि वसंताच्या सुरुवातीला प्लांटेशन सकाळी, बोट दुपारी, ऊन चढल्यावर. जून ते सप्टेंबर उलट पेच असतो. मळ्यातली पायपीट उन्हात, तर दुपारी गडगडाटी पाऊस आणि विजा सुरू झाल्या की बोटी थांबतात. सोबत आई-वडील असतील तर पायपीट सकाळी उरकून छपराची बोट नंतर घ्या, तरुण मंडळींनी सकाळची पहिली बोट गाठावी. सगळ्यात सुखाचे महिने मार्च-एप्रिल आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. ऑक्टोबरपासून तिथलाही गळीत हंगाम, त्यामुळे रस्त्यावर उसाच्या गाड्यांमागे रेंगाळण्याची तयारी ठेवा. (आपल्याला सवय आहेच.) चक्रीवादळांचा काळ १ जून ते ३० नोव्हेंबर, म्हणून पैसे परत मिळण्याची अट नीट वाचा.

बोटींत दोन प्रकार. सपाट तळाची पाँटून बोट संथ आणि छपराची. गाइडचं बोलणं ऐकू येतं आणि पक्षी उडून जात नाहीत. एअरबोटीला मागे विमानासारखा पंखा असतो. वेग भन्नाट, पण कानाला संरक्षण लावावं लागतं, माहिती फक्त थांबल्यावर मिळते. पाठदुखी, गरोदरपण किंवा लहान मूल असेल तर ती नकोच. वयाची अट असतेच. काही गाइड ॲलिगेटर जवळ बोलावायला मार्शमॅलो (साखरेच्या मऊ गोळ्या) फेकतात. मुलांना गंमत वाटते, पण त्याने जनावरं माणसाला सरावतात. हात बोटीच्या आतच ठेवायला सांगा.

जेवणाचं आधी ठरवा. शाकाहारी असाल तर फसगत होते ती ‘रेड बीन्स अँड राइस’मध्ये. आपला राजमा वाटतो, पण त्यात बहुधा हॅम किंवा सॉसेज शिजलेलं असतं. गम्बोचा रस्साही मांस-माशांचा. मळ्यांच्या आसपास हॉटेलं तुरळक, म्हणून पोळीभाजीचा डबा सकाळीच बांधा. माणशी दीड-दोन लिटर पाणी, डास पळवणारं २०-३० टक्के डीईईटीचं (बाटलीवर DEET लिहिलेलं) औषध, टोपी आणि चिखल लागला तरी चालतील असे बंद बूट. मळ्यात खडीच्या वाटा असतात, चाकाची खुर्ची लागणार असेल तर आधी फोन करा. एअरबोटीवर शौचालय नसतं. धक्क्यावरच जाऊन या.