बॉक्सर भारी की पैलवान?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मी मिक्स्ड मार्शल आर्ट्स (ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालणारा लढतीचा खेळ) शिकवतो हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: बॉक्सर आणि पैलवान समोरासमोर आले तर जिंकणार कोण?

दोघांना फक्त आपापलंच येत असेल, तर पैलवान. याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ठोशाला जोर यायला अंतर लागतं आणि पायाखाली जमीन लागते. पैलवान एका झेपेत दोन्ही काढून घेतो. कमरेला मिठी बसल्यावर नुसत्या बॉक्सरकडे करण्यासारखं फारसं उरत नाही.

28 ऑगस्ट 2010 ला बॉस्टनमध्ये हे सगळ्यांनी पाहिलं. जेम्स टोनी म्हणजे तीन वजनगटांत जगज्जेता झालेला बॉक्सर. समोर कुस्तीतून आलेला रँडी कुटूर, वय 47. लढत सुरू होताच कुटूर खाली वाकला, घोट्याजवळ पट काढला, म्हणजे पाय धरून त्याला पाडलं, आणि पहिल्याच राउंडमध्ये टोनीचा गळा आवळून त्याला टॅप करायला, म्हणजे थाप मारून हार मानायला लावलं. टोनीत खोट नव्हती. बॉक्सर पुढच्या पायावर भार देऊन उभा राहतो, त्यातूनच त्याचा ठोसा तयार होतो, आणि नेमका तोच पाय पैलवानाच्या हाती आयता येतो.

पण ‘फक्त आपापलंच’ येणाऱ्यांचे दिवस केव्हाच गेले. 1997 मध्ये किकबॉक्सर मॉरिस स्मिथ यूएफसी या मिक्स्ड मार्शल आर्ट्सच्या मोठ्या स्पर्धेच्या हेवीवेट किताबासाठी मार्क कोलमनशी लढला. कोलमन ऑलिंपिकला गेलेला पैलवान, पाडून वरून ठोकण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. स्मिथने कुस्तीत त्याच्यावर मात करायचा विचारच केला नाही. खाली पडल्यावर टिकायचं कसं आणि उठायचं कसं, एवढंच तो शिकून आला होता. कोलमनचा दम संपला, स्मिथ उभा राहिला आणि गुणांवर जिंकला. मला ही लढत फार मोलाची वाटते. मारणाऱ्याला पकडीतलं सगळं यावं लागत नाही. पकडीतून सुटता आलं की त्याचे ठोसे पुन्हा कामाला येतात.

आता आपल्या पैलवानांकडे येतो, कारण विचारणारे बहुतेक तालमीतून आलेले असतात. कुस्तीत पाठ टेकली की खेळ संपला. म्हणून खाली आलेला आपला पैलवान पोटावर वळतो आणि मातीला चिकटून राहतो. पाठ वर, पोट खाली, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं असतं. केजमध्ये, म्हणजे यूएफसीच्या जाळीच्या रिंगणात, याच सवयीची किंमत सगळ्यात जास्त मोजावी लागते. पाठीवर स्वार झालेला माणूस दोन्ही पाय आत अडकवतो, हात गळ्याखालून सरकवतो आणि काही सेकंदांत लढत संपते. जिउ-जित्सू या जमिनीवरच्या पकडींच्या खेळातल्या माणसाला मात्र पाठ टेकायची भीतीच नसते, तो वरच्याला पायांत धरून खालूनच लढतो. 1993 मध्ये डेन्व्हरला पहिली यूएफसी झाली तेव्हा वजनगट नव्हते. जिउ-जित्सूचा रॉयस ग्रेसी जेमतेम 80 किलोच्या आसपासचा, पण एका रात्रीत तीन लढती जिंकून गेला.

दुसरी सवय डोक्याची. पट काढताना डोकं बाहेरच्या बाजूला आणि मान खाली राहिली, तर मातीत फारसं बिघडत नाही. केजमध्ये तिथेच गिलोटिन, म्हणजे समोरून मान काखेत धरून गळा आवळायचा डाव, बसतो. 2017 मध्ये शांघायला भरत खंडारे यूएफसीत उतरला, भारतात जन्मलेला तिथला पहिला लढवय्या. समोरचा सोंग याडोंग ठोसे-लाथांच्या खेळातून आलेला, आणि त्याने पहिल्याच राउंडमध्ये भरतचा गळा गिलोटिनमध्ये पकडला! डोकं पुढे घालून आत शिरण्याचा दुसरा धोका म्हणजे गुडघा. 2019 मध्ये ऑलिंपिकपटू पैलवान बेन अ‍ॅस्क्रेन झेपावला आणि होर्हे मासविदालच्या उडत्या गुडघ्यावर आदळला. पाच सेकंदांत लढत आटोपली.

म्हणून माझ्या मते खरी कला दोन्हींच्या मधल्या जागेत आहे. पकडीसाठी ओळखल्या जाणाऱ्या खबीब नुरमागोमेदोवने 2018 मध्ये ठोशांसाठी गाजलेल्या कॉनर मॅकग्रेगरला गळा दाबून हरवलं, हे सगळ्यांना आठवतं. पण दुसऱ्या राउंडमध्ये त्याने मॅकग्रेगरला उजव्या हाताच्या ठोशाने खाली बसवलं होतं, मॅकग्रेगरच्याच ठोशांच्या खेळात! पटाची धास्ती असलेल्या माणसाची नजर आणि हात खाली येतात, वरची बाजू उघडी पडते. उलट ठोशाच्या भीतीने जो हात वर बांधून ताठ उभा राहतो, त्याचे पाय मोकळे सापडतात. दोन्ही भीती एकाच वेळी घालता येणारा लढवय्या मला सगळ्यात जास्त आवडतो.

मग मुलाला काय शिकवायचं? दहा-बारा वर्षांचा असेल तर कुस्तीच, आणि त्याला तालमीतून काढू नका. लढत उभ्याने व्हावी की जमिनीवर, हे बहुतेक वेळा कुस्ती येणाराच ठरवतो, आणि तो अंदाज मोठेपणी शिकून सहज येत नाही. बॉक्सिंगचं पायकाम आणि जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) त्याला आताही शिकवा, पण डोक्यावर ठोसे खायची घाई नको, सतरा-अठरापर्यंत थांबलात तरी काही बिघडत नाही. जिउ-जित्सू मध्येच कधीही सुरू करा. आणि वस्तादांना विनंती करून एक गोष्ट आजपासूनच घोटून घ्या: पट काढताना डोकं आतल्या बाजूने समोरच्याच्या बरगडीला चिकटलेलं, मान ताठ आणि नजर वर.