दुरुस्ती नको, कारण सांगा

मी वायरमन. वाईत आणि आसपासच्या गावांत 17 वर्षं हेच करतोय. गिऱ्हाइकाचा फोन ठरलेला असतो: "लाइट गेलीय, लवकर या, किती घ्याल?" कुठली लाइट, कधीपासून, हे आम्ही जाऊन शोधायचं.

त्या दिवशी गणिताच्या निवृत्त बाईंनी बोलावलं आणि दारातच वहीचं एक पान हातात दिलं. "जिन्यातला 9 वॅटचा एलईडी बल्ब बंद केल्यावरही मंद उजळतो. गडद अंधारातच दिसतं. बटण वरचं दाबा की खालचं, फरक नाही. बटणांत इंडिकेटरचा छोटा दिवा नाही. तोच बल्ब स्वयंपाकघरात लावला तर उजळत नाही. जिन्यात दुसऱ्या कंपनीचा लावला तर तोही उजळत नाही. मग दोष बल्बचा की वायरिंगचा? दुरुस्ती नको, कारण हवं."

मी पानावरून नुसती नजर फिरवली. बल्ब काढला, होल्डरमध्ये टेस्टर टेकवला. बटण बंद, तरी टेस्टर पेटला.

"बाई, वायर लीक आहे. जिन्याची लाइन नवीन ओढावी लागेल."

"मग दुसरा बल्ब गप्प का बसतो?"

आता आली का पंचाईत. आयटीआयच्या सरांना फोन लावला. "सर, बंद केलेला बल्ब पेटतोय."

"न्यूट्रलवर बटण असेल, नाहीतर इंडिकेटर असेल. बघ." झालं. मी विचारलंच तसं, तर उत्तरही तसंच. बोर्ड उघडला, बटण फेजवरच, म्हणजे करंट येणाऱ्या वायरवरच होतं. परत फोन केला आणि या वेळी बाईंचं पान जसंच्या तसं वाचून दाखवलं. सर क्षणभर थांबले.

"टू-वे आहे ना, एकच दिवा वरून-खालून दोन बटणांवर? दोन बटणांमधल्या वायरी एका पाइपातून किती लांब गेल्यात?"

"12-13 मीटर."

"होल्डरला टेस्ट लॅम्प लाव, साधा तारेचा बल्ब. मग टेस्टर धर."

लॅम्प पेटला नाहीच, उलट मघाशी पेटलेला टेस्टरही विझला.

टू-वेमध्ये दोन बटणांच्या मध्ये दोन वायरी असतात. दिवा बंद असताना एकीत फेज, दुसरी फेजपासून तुटलेली, पण बल्बकडे जाणारी. शेजारी शेजारी पडलेल्या दोन वायरी आणि मध्ये पीव्हीसी, म्हणजे आयता कपॅसिटर. 50 हर्ट्‌झचा एसी त्यातून चिमूटभर करंट पलीकडे ढकलतो, मिलिअँपिअरपर्यंतही न पोचणारा. काही एलईडींना तेवढाही पुरतो, काहींचं सर्किट तो गिळून टाकतं. माझ्या टेस्टरमधल्या निऑनलाही तेवढाच पुरतो; टेस्ट लॅम्प लावला की तो लॅम्पमधून निघून जातो, म्हणून टेस्टर विझला. आणि मी त्याला लीकेज समजत आलो!

बाईंनी विचारलं, "म्हणजे पूर्वी इथे 60 चा पिवळा बल्ब होता, तेव्हाही हा करंट होताच?"

"होता. त्या बल्बला पाव अँपिअर लागतो, एवढ्याशानं त्याची तार गरमसुद्धा होत नाही. म्हणून दिसला नाही."

त्यांनी ते पानाच्या खाली लिहून घेतलं. बल्बला समांतर छोटा कपॅसिटर टाकला की उजळणं थांबेल, असं सांगितलं, पण त्यांना ते नकोच होतं. 200 रुपये दिले, चहा दिला.

परत येताना गाडीवर एकच आठवत होतं. मागच्या वर्षी एका घरात याच टेस्टरवर विसंबून मी जिन्याची अख्खी लाइन बदलली होती. पैसे चोख घेतले होते. तिथला बल्ब अजून मंद पेटतो का, हे विचारायला मी अजून गेलेलो नाही.