तुम्ही विचारलेत म्हणून : ईमेल कोणत्या कुळातले?

एकाही समाजमाध्यमावर माझे खाते नाही हे कळले की समोरची व्यक्ती हमखास विचारते, "पण ईमेल तर तुम्ही रोज वापरता ना? मग तेही सोशल नेटवर्किंगच नाही का?" काहींचा हेतू मला पेचात पकडण्याचा असतो, काहींना खरोखरच कुतूहल असते, प्रश्न मात्र दोन्ही वेळा रास्तच असतो. इतक्या जणांनी तो विचारला आहे की उत्तर एकदा नीट लिहून काढावे असे वाटले. ते थोडक्यात असे : ईमेलमुळे माणसांचे जाळे निश्चितच विणले जाते, पण ते इतरांना दिसत नाही, आणि सोशल नेटवर्किंग म्हणून आज आपण जे ओळखतो त्याचा सारा डोलारा ते जाळे दिसण्यावरच उभा आहे.

'सोशल नेटवर्क' हा शब्दप्रयोग संगणकाच्या पडद्यावर येण्याच्या कितीतरी आधीचा आहे. जे. ए. बार्न्स या मानवशास्त्रज्ञाने 1954 साली नॉर्वेतील एका बेटावरच्या वस्तीविषयी लिहिताना, नातलग, मित्र आणि ओळखीपाळखीचे लोक यांच्यातून तयार होणाऱ्या संबंधांसाठी तो वापरला होता. या मूळ अर्थाने पाहिले तर ईमेलची गणना सोशल नेटवर्कमध्ये करायला काहीच हरकत नाही. मात्र मग टपालाची आणि टेलिफोनचीही करावी लागेल.

तरीही ईमेल पहिल्यापासूनच टपालापेक्षा अधिक सामाजिक होते, हे मान्य केले पाहिजे. रे टॉमलिन्सन या अभियंत्याने 1971 साली अर्पानेट या अमेरिकेतील सुरुवातीच्या संगणक-जाळ्यावर एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर संदेश पाठवला आणि माणसाचे नाव व त्याच्या यंत्राचे नाव यांच्यामध्ये '@' हे चिन्ह ठेवले. दूरदूरच्या संगणकांची शक्ती संशोधकांना वाटून वापरता यावी म्हणून हे जाळे उभारलेले होते. पण दोन वर्षांतच तिथल्या वाहतुकीचा सुमारे तीन चतुर्थांश भाग ईमेलचा असल्याचे आढळले. यंत्रे जोडायला निघालेल्या लोकांनी संधी मिळताच एकमेकांना पत्रे लिहायला सुरुवात केली, ही गोष्ट मला आजही फार लोभस वाटते. 1975 साली तर 'मेसेज ग्रुप' नावाचा एक गट ईमेल कसे असावे याची चर्चा ईमेलवरूनच करू लागला होता.

मग अडते कुठे? डाना बॉइड आणि निकोल एलिसन या दोन अभ्यासकांनी 2007 साली सोशल नेटवर्क संकेतस्थळाची एक व्याख्या मांडली, आणि हा गुंता सोडवायला मला तिचाच सर्वाधिक उपयोग झाला. त्यांच्या मते अशा संकेतस्थळावर माणसाला तीन गोष्टी करता येतात : एका बंदिस्त व्यवस्थेच्या आत आपली सार्वजनिक किंवा अर्धसार्वजनिक ओळख उभी करणे, आपले ज्यांच्याशी संबंध आहेत त्यांची यादी मांडणे, आणि आपल्या व इतरांच्या याद्या पाहत त्यांतून पुढे पुढे जाणे. ईमेल यांतल्या पहिल्याच अटीपाशी अडखळते, कारण ते मुळात बंदिस्त नाही. 1982 साली जॉन पोस्टेल यांनी लिहिलेल्या एसएमटीपीच्या, म्हणजे ईमेलची ने-आण कशी करावी याच्या, नियमांनुसार कोणताही सर्व्हर दुसऱ्या कोणत्याही सर्व्हरकडे पत्र सोपवू शकतो. माझे खाते एका कंपनीकडे आणि तुमचे दुसरीकडे असले तरी आपला पत्रव्यवहार बिनबोभाट चालतो. पण माझ्या दृष्टीने खरी कसोटी तिसऱ्या अटीत आहे. माझ्या पत्त्यांच्या वहीत कोण आहे हे तुम्हाला दिसत नाही, तुमच्या वहीत कोण आहे हे मला दिसत नाही, आणि एकातून दुसरीत जाणारी वाट कुठेही उघडी नाही.

हे न दिसणे किती खोलवर परिणाम करते, हे एका प्रयोगातून चांगले कळते. पीटर डॉड्स, रॉबी मुहमद आणि डंकन वॉट्स यांनी 2003 साली प्रसिद्ध केलेल्या या प्रयोगात 60 हजारांहून अधिक ईमेल वापरणाऱ्यांना 13 देशांतील 18 अनोळखी व्यक्तींपैकी एकीपर्यंत निरोप पोहोचवायचा होता. अट एवढीच की तो फक्त आपल्या ओळखीच्या माणसाकडे द्यायचा आणि त्याने तसाच पुढे सरकवायचा. 24 हजारांहून अधिक साखळ्या सुरू झाल्या, त्यांपैकी 384 मुक्कामी पोहोचल्या. मधल्या लोकांनी निरोप पुढे पाठवलाच नाही, हे साखळ्या तुटण्याचे मोठे कारण असावे असे अभ्यासकांचे मत होते; त्या तुटल्या नसत्या तर साधारण पाच ते सात टप्प्यांत काम झाले असते, असा त्यांचा अंदाज. मला मात्र या प्रयोगातली प्रत्येक माणसाची अवस्था जास्त बोलकी वाटते. आपला कोणता मित्र त्या अनोळखी व्यक्तीच्या जवळ नेईल, हे प्रत्येकाला अंदाजानेच ठरवावे लागले. तो कोणत्या गावी असतो, काय काम करतो, एवढ्यावरून तर्क करायचा. जाळे होते, त्यातून वाटही जात होती, पण चालणाऱ्याला पुढचे फक्त एक पाऊल दिसत होते.

अर्थात, कोणालाच दिसत नाही असे म्हणणे पूर्ण खरे नाही. ज्याच्या सर्व्हरवर पत्रे साठतात त्याला ते दिसू शकते. एन्रॉन ही अमेरिकेतली ऊर्जा कंपनी बुडाल्यानंतर अमेरिकी तपासयंत्रणेने 2003 साली तिथल्या सुमारे दीडशे कर्मचाऱ्यांची लाखो पत्रे खुली केली, तेव्हा कोण कोणाच्या किती जवळ होते याचे नकाशे अभ्यासकांनी त्यांवरून काढले. म्हणजे नकाशा आपल्या पत्रांत कायमच असतो. तो आपण उलगडून ठेवलेला नसतो, एवढेच.

2010 च्या फेब्रुवारीत गूगलने तो उलगडून पाहिला. 'बझ' नावाची सेवा त्यांनी जीमेललाच जोडली आणि तुम्ही ज्यांच्याशी सर्वांत जास्त पत्रव्यवहार करता त्यांची यादी आपोआप तुमची 'मित्रमंडळी' म्हणून तयार केली; वापरणाऱ्याने बदल केला नाही, तर ती त्याच्या प्रोफाइलवर इतरांनाही दिसू शकत होती. लोक संतापले, काही दिवसांतच गूगलला माघार घ्यावी लागली, प्रकरण अमेरिकेच्या व्यापार आयोगापर्यंत गेले आणि 2011 अखेर ती सेवाच बंद झाली. ईमेल आणि सोशल नेटवर्किंग एकच असते, तर हा संताप झालाच नसता. आपण सर्वांत जास्त कोणाला लिहितो? कधी डॉक्टरांना, कधी वकिलांना, कधी ज्याच्याशी भांडण चालू आहे अशा भावाला. पत्रांची संख्या म्हणजे स्नेह नव्हे, आणि स्नेह असला तरी तो जगापुढे मांडायचा की नाही हा निर्णय आपला असतो.

मी हे इतक्या आग्रहाने सांगतो त्याला माझ्यापुरते एक कारण आहे. काही वर्षांपूर्वी घरातल्या एका आजारपणात मी रुग्णांच्या नातलगांना मदत करणाऱ्या एका संस्थेकडे नाव नोंदवले होते. एके दिवशी त्यांच्याकडून सूचनेचे पत्र आले, आणि घाईत कोणीतरी सगळे पत्ते 'बीसीसी'त, म्हणजे इतरांना न दिसणाऱ्या रकान्यात, घालण्याऐवजी 'टू'च्या रकान्यात घातले होते. ऐंशीच्या आसपास नावे मला दिसत होती, आणि अर्थातच त्या सर्वांना माझे. त्यात माझ्या जुन्या कचेरीतल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचे नाव होते. त्यांच्या घरात काय चालले आहे हे त्यांनी कोणालाही सांगितले नव्हते, मलाही नाही. एका रकान्याच्या चुकीमुळे ईमेल तेवढ्यापुरते दुसऱ्या कुळात गेले होते : आम्ही एकमेकांचे संबंध पाहत होतो, आणि ते दाखवावेत का, हे आम्हाला कोणी विचारले नव्हते.

त्यांना लिहावे की न दिसल्यासारखे करावे, याचा मी बरेच दिवस विचार करत राहिलो, आणि अखेर लिहिले नाही. दोन महिन्यांनी त्यांचेच पत्र आले. त्यांनी ती यादी पाहिली होती, माझे नाव वाचले होते, आणि सांगावे की नाही हे ठरवायला त्यांनाही तेवढाच वेळ लागला होता. पत्र लांबलचक होते, आणि ते फक्त मला लिहिलेले होते.